शून्य किलोचे साहेब

म्हातारीला खाली आणायचं ठरलं तेव्हा तिला वर जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. माणसात हे लग्नाचं वय. अंतराळ स्थानकात मात्र एवढं वय म्हणजे नुसता छळ, आणि तो तिचा नव्हे, तिला सांभाळणाऱ्यांचा. भिंतींना बारीक चिरा गेल्या होत्या, सौरपट्ट्यांना भोकं पडली होती, आणि मधल्या खोलीतली हवा कुठून गळते हे चार वर्षं शोधूनही कुणाला सापडलं नव्हतं. शेवटचे तीन अंतराळवीर दिवे मालवून, दार लावून परत आले होते. आता दोनशे ऐंशी टनांचं ते रिकामं घर दर दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी मारत होतं. तसंच सोडलं असतं तर वर्षा-दोन वर्षांत आपणहून पडलं असतं, आणि आपणहून पडणारी वस्तू कुणाच्या डोक्यावर पडायचं हे कुणाला विचारून ठरवत नाही. म्हणून संस्थेने ठरवलं की तिला इंजिनाने नेमका धक्का द्यायचा. म्हणजे वाटेत ती बरीचशी जळून जाईल आणि उरलेले तुकडे निर्मनुष्य समुद्रात पडतील.

संस्थेत या स्थानकाला सगळे म्हातारी म्हणत, आणि तिच्या वजनाची वही सांभाळणाऱ्या बाईंना वजनकाकू. काकूंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

काकूंचं काम ऐकायला सोपं. म्हातारीवर जे जाईल ते वहीत मांडायचं, जे परत येईल ते वजा करायचं. ही वही अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडे होती. अंतराळवीर परत आला की त्याला हारतुरे नंतर, आधी काकू विचारायच्या, "वर दाढी केली होती का? किती वेळा?" तो हसला तर पुन्हा विचारायच्या. एका चमच्यासाठी त्यांनी आठ पत्रं पाठवली होती. चमचा शेवटी एका अंतराळवीराच्या घरी निघाला, आठवण म्हणून खिशातून आणलेला. काकूंनी तो मागवून घेतला, तोलला, नोंद केली आणि धुऊनपुसून परत पाठवला.

या वजनाला आता सोन्याचं मोल आलं होतं. म्हातारीवरचं वेगातला फरक मोजणारं यंत्र कधीच बंद पडलं होतं, त्यामुळे धक्का पुरेसा बसला की नाही हे सगळं घड्याळावर ठरणार होतं. वस्तू जड असेल तर इंजिन जास्त वेळ चालवायचं, हलकी असेल तर कमी. काकूंनी आकडा दिला दोनशे ऐंशी टन. इंजिनवाल्यांनी त्यावरून काढली एकतीस मिनिटं. नकाशावाल्यांनी त्यावरून समुद्रात एक लांबट चौकट आखली आणि जगातल्या सगळ्या जहाजांना कळवलं की त्या दिवशी या रेघेच्या आत येऊ नका.

आणि इथेच धाकट्याचा फोन आला.

धाकटा म्हणजे काकूंचा भाऊ. वय पन्नास, वजन पंच्याण्णव किलो, हे काकूंना ठाऊक असणारच. मासेमारीच्या मोठ्या बोटीवर तो स्वयंपाकी होता. बोटीवर फोन एकच, कप्तानाच्या खोलीत, आणि आठवड्यातून प्रत्येकाला पाच मिनिटं. त्या पाचातली चार तो आईबापांमागे आपल्याला वाढवणाऱ्या बहिणीला द्यायचा आणि एक बायकोला, यावरून त्याच्या घरी अधूनमधून भांडी आपटली जायची.

"ताई, तुझी म्हातारी कधी पडतेय गं?"

"पडत नाहीये. आम्ही आणतोय तिला. आणखी दहा दिवसांनी. का रे?"

"आमचा कप्तान म्हणतो, त्या दिवशी रेघेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभं राहू. मोठी जहाजं सगळी लांब पळणार. मासे काय, सगळे आपलेच!"

"डोकं फिरलंय का तुझ्या कप्तानाचं?"

"अगं, रेघेच्या बाहेर! चांगले वीस किलोमीटर बाहेर. बाकीचे कुरकुरत होते. मीच सांगितलं त्यांना, वजन माझी ताई लिहिते. तिच्या वहीत एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही. तेव्हा कुठे गप्प बसले."

काकूंना बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही? तरी त्या म्हणाल्या, "अजून जरा लांब राहा रे, बाळा."

"किती लांब?"

काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पाच मिनिटं संपली. आता बोट फोन न लागणाऱ्या भागात जाणार होती आणि म्हातारी खाली येईपर्यंत फोन नव्हता. एरवी काकूंनी हे मनावर घेतलं नसतं. पण "एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही" हे वाक्य त्यांच्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या आणि वही पहिल्या पानापासून तपासायला बसल्या.

चारशे बारा पानं. मोजे, पेन्सिली, ऑक्सिजनच्या टाक्या, मेलेल्या उंदरांचे पिंजरे, अंतराळवीरांच्या केसांची कात्रणं. सगळं चोख. चारशे बाराव्या पानाच्या तळाशी मात्र एक ओळ होती: "सन्मानवस्तू. नग एकोणीस. वजन शून्य."

अक्षर काकूंचंच होतं. शून्य तरुणपणीचं, गोल आणि आज्ञाधारक; नगांचा आकडा मात्र दर साहेबामागे खोडून वाढवलेला.

ही काय भानगड होती ते सांगायला हवं. म्हातारी वर गेली तेव्हाच्या पहिल्या साहेबांनी तिच्यावर आपल्या नावाचा एक पितळी फलक पाठवला. तळहाताएवढा. गडी साधा होता. तो वेगळा पाठवायलाही त्याला लाज वाटत होती, म्हणून बिस्किटांच्या खोक्यातून पाठवला. दुसऱ्या साहेबांना वाटलं, आपण काय कमी आहोत? त्यांनी ताटाएवढा पाठवला. तिसऱ्यांनी खिडकीएवढा. संस्थेत साहेब दीड वर्ष टिकतो, फलक मात्र टिकाऊ हवा, अशी एक समजूतच होऊन बसली. म्हातारीवर एक अख्खी खोली फलकांनी भरली. अंतराळवीर तिला आपसात स्मशान म्हणत.

चौथ्या साहेबांच्या वेळी काकूंनी बिचकत विचारलं होतं की या फलकाचं वजन वहीत किती लिहू. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या फलकापायी अंतराळवीरांच्या जेवणाचे सहा डबे खाली उतरवावे लागले, असं वहीत दिसलं असतं तर वर्तमानपत्रांनी सोलून काढलं असतं. म्हणून त्यांनी परिपत्रक काढलं: "सन्मान हा अमूल्य असल्याने सन्मानवस्तूंचे वजन धरू नये, ते शून्य समजावे." खाली गोल शिक्का. काकू तेव्हा नोकरीत तशा नव्याच. त्यांनी शून्य लिहिलं. पुढे पंधरा साहेबांच्या पंधरा फलकांनाही शून्यच लिहिलं, आणि मागच्या तिन्ही फलकांचे आकडे खोडून तिथेही शून्य केलं. आठ पत्रं लिहून चमचा शोधणाऱ्या बाईने पितळेच्या एका खोलीवरून चोवीस वर्षं डोळे मिटून पान उलटलं होतं. मापनयंत्र चालत होतं तोवर त्याने काही बिघडलंही नव्हतं.

आता काकूंनी हिशोब मांडला. म्हातारी वहीपेक्षा जड असेल तर एकतीस मिनिटांचा धक्का कमी पडणार. कमी धक्का बसला की ती उशिरा पडणार, आणि उशिरा म्हणजे पुढे, रेघेच्या पलीकडच्या टोकाच्या बाहेर. जिथे मासे सगळे आपलेच, तिथे.

काकू वही छातीशी धरून साहेबांकडे गेल्या. हे एकोणिसावे साहेब. स्वभाव गोड, केस काळे केलेले, आणि कुठल्याही प्रश्नावर "बघू या" म्हणायची सवय. त्यांचा फलक सगळ्यांत शेवटी, सहा महिन्यांपूर्वी वर गेला होता, दाराएवढा. त्यावर कोरलं होतं: "या स्थानकाच्या सुरक्षित अवतरणाच्या स्मरणार्थ". जी वस्तू खाली आणायची तिच्या खाली येण्याचं स्मारक त्याच वस्तूवर चढवणारा माणूस किती दूरदृष्टीचा असेल याची कल्पना करावी.

"काकू, शून्य म्हणजे शून्य," साहेब म्हणाले. "परिपत्रक आहे."

"साहेब, परिपत्रक वर पोचलेलं नाही. पितळ पोचलंय."

"बदल करायचा तर पुनर्विलोकन समिती बसवावी लागेल. तिच्यावर माजी साहेब घ्यावे लागतील. चार महिने तरी. बघू या."

"नऊ दिवस राहिलेत. तिथे बोट आहे, साहेब. माझा भाऊ आहे तिच्यावर."

साहेब क्षणभर खरोखर कळवळले. "अरेरे. पण तो रेघेच्या बाहेर आहे ना? मग काळजी कशाला? रेघ आपणच आखलीय."

काकू बाहेर आल्या आणि माजी साहेबांना फोन लावत सुटल्या. हयात सात. त्यांना वाटलं, निदान वजनं तरी कळतील. सातही जणांनी कानावर हात ठेवले. एक म्हणाले, "मी? आणि फलक? छे!" दुसऱ्यांनी सांगितलं की फलक पत्नीच्या आग्रहामुळे गेला असावा. परिपत्रक काढणारे चौथे साहेब आता वयाने वाकले होते, त्यांनी विचारलं, "कुठलं स्थानक?"

तेव्हा काकूंना ओतारीमामा आठवले.

ओतारीमामा संस्थेच्या कार्यशाळेत पितळ ओतायचे. सगळे फलक त्यांच्याच हातचे. वय झाल्यावर घरी बसले होते, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये बसले होते, कारण घरात सुनेला त्यांच्या हातांचा वास आवडायचा नाही. काकू आत शिरल्या आणि दारातच थांबल्या. भिंतीवर ओळीने साहेब टांगलेले होते. लाकडाचे. फलक ओतायचा तर आधी हुबेहूब तसा लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात. मामांनी एकही नमुना फेकला नव्हता.

"टाकले का नाही, मामा?"

"अगं पोरी, साहेबाचा काय भरवसा? गेलेला परत येतो. नाव तेच, नुसती तारीख बदलायची."

"मामा, यांचं वजन आठवतं का?"

"वजन कशाला आठवायला हवं? हौद आहे की." मामा उठले. शेडच्या कोपऱ्यात तापलेले तुकडे गार करायचा सिमेंटचा हौद होता. त्यांनी तो काठोकाठ भरला आणि खाली पत्र्याची परात ठेवली. "एकेक साहेब बुडव. जेवढं पाणी सांडेल तेवढं पितळ. लिटराला साडेआठ किलो धर."

काकूंना आयुष्यात इतकी सोपी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि पहिले साहेब पाण्यात सोडले. ते छोटेच होते, बोटाने दाबले तरी गेले. पण पुढचे काही केल्या बुडेनात. लाकूडच ते, तरंगायचं. काकू एका बाजूने दाबायच्या तर साहेब दुसऱ्या बाजूने वर यायचे. बारावे साहेब तर हातातून निसटून उसळले आणि काकूंच्या तोंडावर पाणी उडालं. शेवटी मामांनी धुणं बडवायची काठी आणली. "डोक्यावर दाब. तिथे दाबल्याशिवाय साहेब खाली जात नाही." काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मामा परातीतलं पाणी मापाने मोजत राहिले.

एकोणिसावे दाराएवढे साहेब दोघांनी मिळून उचलले. काकूंना वाटलं हे शंभर लिटर तरी सांडणार. सांडले चाळीस.

"मागून पोकळ केलाय," मामा म्हणाले. "समोरून तेवढाच दिसतो. पितळ पुरत नव्हतं."

एकूण पाणी सांडलं तीनशे बहात्तर लिटर. म्हणजे पितळ तीन हजार एकशे बासष्ट किलो. काकू दुसऱ्या दिवशी थेट इंजिनवाल्याकडे गेल्या. त्याने कागदावर भागाकार केला, पुन्हा केला, आणि त्याचा चेहरा पडला. "काकू, इंजिन आणखी एकवीस सेकंद चालायला हवं. नाहीतर शेवटचे तुकडे दोनशे किलोमीटर पुढे जातील."

"मग चालव."

"साहेबांची सही हवी. वहीत वजन बदलल्याशिवाय वेळ बदलत नाही. वजन परिपत्रक बदलल्याशिवाय बदलत नाही."

काकू खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली अंगणात कामगार समारंभासाठी खुर्च्या मांडत होते. म्हातारी खाली येण्याचा सोहळा होता, भाषणं होती, बँड होता. त्यांनी बँडकडे बघितलं आणि त्यांच्या मनात जे आलं ते त्यांना स्वतःलाही आवडलं नाही. पण भाऊ एकच होता.

"साहेब," त्या केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या, "एक सुचवू का? म्हातारी जाताना आपल्या एकोणीस साहेबांना मानवंदना द्यायला हवी. इंजिनाचीच. ठरलेली एकतीस मिनिटं झाली की पुढचे एकवीस सेकंद सन्मानाचे. तोफांची सलामी असते ना एकवीसची, तशी."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "एकवीस!"

"आणि परिपत्रकाप्रमाणे सन्मान हिशोबात धरायचाच नाही. म्हणजे समिती नको, काही नको."

"काकू," साहेब भारावून म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही वजनात फुकट गेलात."

हरभऱ्याच्या झाडावर माणूस इतक्या भराभर चढताना काकूंनी पाहिला नव्हता. तासाभरात सही झाली. संध्याकाळपर्यंत बातमी माजी साहेबांना कळली, आणि सेकंद फलकाच्या वजनाप्रमाणे वाटले जाणार अशी कुणीतरी पुडी सोडली. मग काय! ज्यांनी कानांवर हात ठेवले होते त्यांचे हात फोनवर आले. पत्नीच्या आग्रहाचा फलक आता पाचशे किलोचा निघाला. चौथ्या साहेबांना स्थानक लख्ख आठवलं. सगळ्यांचं ऐकून बेरीज केली तर मानवंदना अठ्ठावन्न सेकंदांची झाली असती आणि म्हातारी रेघेच्या अलीकडे, भलत्याच जहाजांवर कोसळली असती. साहेबही डगमगायला लागले. "सगळ्यांचा मान राखू या की. अठ्ठावन्न काय वाईट?"

"साहेब, राजांनासुद्धा एकवीसचीच सलामी मिळते," काकू म्हणाल्या. "अठ्ठावन्नची मागितली तर जग हसेल."

जगाने हसावं हे साहेबांना नको होतं. एकवीस कायम राहिले.

तो दिवस उजाडला. नियंत्रण कक्षात धक्का देण्याआधी एक रीत असते. मुख्य माणूस एकेका टेबलाचं नाव घेतो आणि त्या टेबलाने "तयार" किंवा "नाही" म्हणायचं. या कक्षात अठ्ठावीस वर्षांत कुणी "नाही" म्हटलं नव्हतं, त्यामुळे लोक आपलं नाव पुरतं ऐकण्याआधीच "तयार" म्हणून मोकळे व्हायचे. वीजवाले तयार. नकाशावाले तयार. इंजिन तयार. वजन?

"तयार," काकू म्हणाल्या. वहीतलं शून्य तसंच होतं.

एकतीस मिनिटं इंजिन चाललं. मग अंगणातला बँड वाजायला लागला, काचेमागे साहेब आणि सात माजी साहेब छाती काढून उभे राहिले, आणि सगळा कक्ष उठून उभा राहिला. काकू एकट्या बसून होत्या. पडद्यावर डोळे लावून त्या मोजत होत्या. सात. आठ. चौदा. वीस. एकवीस. इंजिन थांबलं. काकूंनी टेबलावर डोकं टेकलं. लोकांना वाटलं, म्हातारीवर बाईचा जीव होता.

दोन दिवसांनी फोन आला.

"ताई! काय दिसलं गं! सगळं आकाश दिव्यांनी भरलं. एकेक दिवा आमच्याकडे यायचा, आणि आता डोक्यावर येतोय असं वाटेपर्यंत विझायचा. सगळे रेघेच्या आत. एकसुद्धा बाहेर नाही!"

काकूंनी फोनवरच नाक ओढलं.

"रडतेस काय? कप्तान तर म्हणतो, ताईला सांग, नवीन स्थानक उतरवाल तेव्हा आम्ही रेघेला अगदी चिकटून उभे राहू. मी नसेन तेव्हा, पण माझा पोरगा लागलाय ना बोटीवर. तुमच्या वहीवर डोळे मिटून विश्वास."

काकूंना त्यानंतर तीन आठवडे नीट जेवण गेलं नाही.

समारोपाच्या बैठकीला सगळे टेबलाभोवती होते. माजी साहेबही होते. चहा होता, बिस्किटं होती. साहेबांनी अहवाल वाचला: म्हातारी ठरल्या जागेपासून फक्त चार किलोमीटरवर पडली, वजनाच्या हिशोबात चूक शून्य. टाळ्या झाल्या. मग साहेबांनी ठराव मांडला. एकवीस सेकंदांची मानवंदना इतकी भव्य झाली होती की यापुढे संस्थेचं कुठलंही स्थानक उतरवताना ती सक्तीची करावी. नवीन स्थानक पुढच्या वर्षी वर जाणार होतं. नियम आत्ताच केलेला बरा.

"आणि नवीन स्थानकावर फलक किती जाणार, साहेब?" काकूंनी विचारलं.

"एकही नाही. फलकांची फॅशन गेली, काकू. आता सगळं पडद्यावर."

म्हणजे वर पितळ नाही आणि खाली एकवीस सेकंद मात्र नेमाने जास्त. इंजिनवाल्याला कळलं होतं. तो मूग गिळून बिस्किटाकडे बघत बसला. त्याला अजून वीस वर्षं नोकरी करायची होती. काकूंना दोन महिने. गप्प बसल्या असत्या तर फुलांचा गुच्छ घेऊन घरी गेल्या असत्या, आणि तीस वर्षांनी काय व्हायचं ते झालं असतं. त्यांनी एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचं ठिगळ लावलं होतं, आणि आता त्या ठिगळाचा नियम होत होता.

चिटणीस एकेकाचं नाव घेऊ लागला. वीज? मंजूर. नकाशा? मंजूर. इंजिन? मंजूर. वजन?

"नाही."

चिटणिसाचं पेन पुढच्या नावावर गेलं होतं. ते परत आलं. "काकू, मला ऐकू आलं नाही."

"नाही म्हटलं."

त्याने कागद खालीवर पाहिला. "नाहीला रकाना नाहीये. गैरहजर लिहू का?"

"गैरहजर नाही. हजर आहे, आणि नाही म्हणतेय." काकू उठल्या. "त्या एकवीस सेकंदांत मानवंदना नव्हती. पितळ होतं. तीन हजार एकशे बासष्ट किलो. मी ते वहीत शून्य लिहिलं होतं, आणि तुम्हाला खरं सांगून कुणी ऐकेना म्हणून खोटं सांगून काम करून घेतलं. पुढच्या वेळी वर पितळ नसेल. खाली कुणाचा तरी भाऊ असेलच."

साहेब हळूच म्हणाले, "काकू, हे शून्य तुमच्या हातचं आहे. चौकशी तुमची होईल."

"होऊ दे. हात माझाच आहे, म्हणून मीच खोडते." त्यांनी चारशे बारावं पान उघडलं, शून्यावर आडवी रेघ मारली आणि एकेका साहेबाचं वजन लिहायला बसल्या. पहिले साहेब, दीड किलो. लिहायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ कुणी जागचं हललं नाही, कारण प्रत्येकाला शेजारच्याचं वजन बघायचं होतं.

शेवटची ओळ लिहून त्यांनी वही साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तीनशे चाळीस? मला सहाशे सांगितलं होतं."

"मागून पोकळ आहे, साहेब. पाण्यात घालून बघितलंय."

साहेबांनी बाकीच्या ओळींवरून बोट फिरवलं. सगळ्या वाचल्या. "पण सगळ्यांत जास्त माझंच ना?"

"हो. तुमचंच."

"मग बघू या," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली. सही झाली म्हणजे वजन खरं ठरलं, आणि वजन खरं ठरलं म्हणजे एकवीस सेकंद पितळाच्या खात्यात जाऊन मानवंदनेचा ठराव आपोआप बाद झाला, हे त्यांच्या लक्षात यायला आणखी दोन दिवस लागले.

चौकशी लागली ती लागलीच. पण त्या महिन्यात धाकटा रजेवर घरी आला आणि काकूंनी त्याला जेवायला बोलावलं. माशाचं कालवण तो खात नाही. बोटीवर रोज करून त्याला वीट आलाय. त्याच्यासाठी बटाटे केले होते. तो जेवत असताना काकूंनी सगळं सांगितलं. परिपत्रक, गोल अक्षरातलं शून्य, हौद, एकवीस सेकंद. एकही ग्रॅम लपवला नाही.

त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी तिकडे सगळ्यांना सांगत होतो की माझी ताई..."

"हो."

"आणि ती बोट नेमकी..."

"हो रे."

त्याने घास खाली ठेवला. काकूंना वाटलं, उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही. जायचा त्याला हक्क होता. पण तो पाणी प्यायला आणि मग त्याने तोच प्रश्न विचारला, फोन तुटला तेव्हा अर्धवट राहिलेला. फक्त या वेळी तो पोरासाठी विचारत होता.

"किती लांब राहायला सांगू त्याला, ताई?"

"दोनशे किलोमीटर," काकू म्हणाल्या. "आणि साहेब नवीन असतील तर तीनशे."